डॉक्टर, हा एक्स-रे कशासाठी?

सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला दंतवैद्यांनी एक्स-रे काढावयास सांगितला की घरात बहुधा दोन सूर उमटतात. आजी किंवा आजोबा म्हणतात, "या वयात कशाला ते किरण अंगावर घ्यायचे? दाढ दुखते आहे ना, काढून टाका म्हणजे झाले." मुलगा किंवा सून म्हणते, "सांगितलेच आहे तर सगळे एक्स-रे एकदाच काढून घेऊ, पुन्हा खेपा नकोत." दोन्ही बोलण्यांमागे मायाच असते, परंतु दोन्हींत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. या एक्स-रेमुळे उपचारात नेमका काय फरक पडणार आहे? हा प्रश्न विचारावयाचा आणि मिळालेले उत्तर पारखून घ्यावयाचे, तर थोडी माहिती आपल्या हाताशी असायला हवी.

तोंडात आरसा घालून दंतवैद्यांना दिसतो तो हिरडीबाहेर आलेला दाताचा भाग. दाताचे मूळ, त्याला धरून ठेवणारे जबड्याचे हाड, दोन दातांच्या फटीत लपलेली कीड, जुन्या चांदीखाली किंवा कॅपखाली पुन्हा सुरू झालेली कीड यांतले काहीही आरशात दिसत नाही. क्ष-किरण दातातून आरपार जाताना वाटेत जितका घट्ट पदार्थ लागेल तितके अडतात. म्हणून धातूची भरणी चित्रात पांढरीशुभ्र दिसते, दाताचे वरचे कवच तिच्याखालोखाल, हाड राखाडी, आणि जेथे काही किडले, झिजले किंवा विरघळले तेथे काळसर छाया. दंतवैद्य पडद्यावर बोट ठेवून "इथे बघा" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ती काळी छायाच दाखवत असतात. मुळाच्या टोकाशी वाटोळी काळी सावली दिसली, तर बहुधा दाताची नस आतून मेलेली असते आणि जंतूंनी बाहेरच्या हाडाला पोखरायला सुरुवात केलेली असते.

उतारवयात या चित्राचे मोल अधिक वाढते, आणि त्याला कारणे आहेत. वयोमानानुसार हिरड्या मागे सरकतात व मुळे उघडी पडतात. मुळावर ते कठीण कवच नसते, त्यामुळे तेथे कीड झपाट्याने पसरते. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, लघवीच्या तक्रारींच्या अनेक गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि लाळेचे संरक्षण कमी होते. त्यातच दाताच्या आतील नसेची पोकळी वयाबरोबर आक्रसत जाते, संवेदना बोथट होते. तरुणपणी ज्या किडीने रात्र जागवली असती, ती आता मुकाट्याने मुळापर्यंत पोहोचते. "दुखत नाही, म्हणजे काही नाही" हा हिशोब म्हातारपणी चालत नाही. घरात मधुमेह असेल तर तोंडातला असा दडलेला जंतुसंसर्ग रक्तातली साखरही आटोक्यात येऊ देत नाही, आणि कुटुंब मात्र जेवणातल्या भाताला दोष देत बसते.

तरीही एक्स-रेला सारे काही दिसते असे मानू नये. तो एक सपाट सावलीचा खेळ आहे. दाताला उभी गेलेली बारीक चीर पुष्कळदा त्यात दिसत नाही. पू होऊ लागला तरी हाड बऱ्यापैकी विरघळेपर्यंत चित्र स्वच्छच दिसते. त्यामुळे ठणका लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढलेल्या एक्स-रेत काही नसेल, तर आजार नाही असे ठरत नाही. जीभ, गाल, हिरडी हे मऊ अवयवही या चित्रात येत नाहीत. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेल्या व्यक्तीच्या तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर तिचा एक्स-रे काढून समाधान मानू नका. ती डोळ्यांनी तपासून, गरज पडल्यास तुकडा काढून तपासणीला पाठवावी लागते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते जिवाशी निगडित आहे. खालचा जबडा जिना चढताना किंवा भरभर चालताना दुखू लागतो आणि थांबले की शांत होतो, असे जर घरातील ज्येष्ठ सांगत असतील, तर ते दुखणे दाताचे नसून हृदयाचे असू शकते. अशा वेळी दंतवैद्याकडे जाण्याआधी हृदयाची तपासणी करावी. आणि असे दुखणे घामासह किंवा धाप लागून आले व थांबूनही ओसरत नसेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

चिठ्ठीवरची नावे आणि त्यांची मात्रा

दंतवैद्यांच्या चिठ्ठीवर सहसा तीन नावांपैकी एक असते. पहिले आयओपीए. बोटाच्या पेराहून थोडी मोठी फिल्म किंवा सेन्सर तोंडात ठेवून दोन-तीन दातांचे मुळासकट चित्र घ्यायचे. हेच चित्र संगणकाच्या पडद्यावर लगेच दिसत असेल तर त्याला आपल्याकडे सर्रास आरव्हीजी म्हणतात. दुसरे ओपीजी. यात यंत्र डोक्याभोवती फिरते आणि दोन्ही जबड्यांचे एक लांबट चित्र मिळते. तिसरे सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय स्कॅन.

आता मात्रा. प्रारणाची शरीरावरील मात्रा मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. त्याचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोसिव्हर्ट. आपण घरी नुसते बसलो असलो तरी जमिनीतून, भिंतींतून, हवेतील रेडॉन वायूतून, आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतून आणि अन्नातील पोटॅशियममधूनही आपल्याला प्रारण मिळत असते. जगाची सरासरी धरली तर हे वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सहा-सात मायक्रोसिव्हर्ट होते. केरळच्या किनाऱ्यावर करुनागपल्लीच्या परिसरात वाळूतच थोरियम आहे. तेथील लोकांना पिढ्यान्‌पिढ्या याहून कितीतरी अधिक मिळत आले आहे. या तराजूत दाताचा एक छोटा एक्स-रे साधारण पाच मायक्रोसिव्हर्टच्या आसपास भरतो, म्हणजे घरात बसून काढलेल्या एका दिवसाइतका. ओपीजी दोन ते चार दिवसांइतका. मुंबईहून अमेरिकेला मुलाकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना विमानाच्या उंचीवर त्या एका प्रवासात दाताच्या छोट्या एक्स-रेच्या कितीतरी पट मात्रा मिळते, आणि त्याची चिंता कोणी करीत नाही.

सीबीसीटीचे मात्र निराळे आहे. यंत्रानुसार आणि किती भागाचे स्कॅन घेतले त्यानुसार त्याची मात्रा काही दशकांपासून कित्येक शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जाऊ शकते. डोक्याच्या नेहमीच्या सीटी स्कॅनला सुमारे २ मिलिसिव्हर्ट लागतात; त्या मानाने हे कमी असले तरी छोट्या एक्स-रेच्या तुलनेत ते मोठेच. इम्प्लांट बसवायचे असेल, अडकलेली दाढ नसेला टेकून असेल, किंवा जबड्यात गाठ असेल, तर सीबीसीटी काढणे योग्यच. एका साध्या किडलेल्या दाताकरिता तो सांगितला गेला, तर "छोट्या एक्स-रेने भागणार नाही का?" असे विनयाने पण ठामपणे विचारावे.

वयाचा मुद्दाही येथे लक्षात घ्यावा. प्रारणामुळे कर्करोग होण्याची जी अल्पशी शक्यता वर्तवली जाते, तो आजार उद्भवायला सहसा अनेक वर्षे, कित्येकदा दशके जावी लागतात. त्यामुळे तोच एक्स-रे पंच्याहत्तरीच्या व्यक्तीसाठी जितका काळजीचा, त्याहून तो आठ वर्षांच्या नातवासाठी अधिक काळजीचा. घरातली काटकसर करायचीच असेल तर ती नातवंडांच्या एक्स-रेंबाबत करा. आजोबांच्या जबड्यात पू साठलेला असताना किरणांच्या भीतीने एक्स-रे टाळणे म्हणजे छत्री मोडेल म्हणून पावसात भिजण्यासारखे आहे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. एक्स-रे काढून आल्यावर बाळाला जवळ घेऊ नये, अंघोळ करावी, असे काही घरांत सांगतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसे यंत्र बंद झाल्यावर शरीरात क्ष-किरण उरत नाहीत. थायरॉइडसाठी जे किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात त्याची गोष्ट वेगळी. तेथे काही दिवस अंतर पाळावेच लागते. तसेच कर्करोगावर जो "शेक" देतात त्याच्याशीही दाताच्या एक्स-रेची गल्लत करू नये. त्याची मात्रा हजारो पटींनी अधिक असते. मात्र ज्यांना डोके, तोंड किंवा गळ्यावर असा शेक दिला गेला आहे, त्यांनी तो वीस वर्षांपूर्वी दिलेला असला तरी दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना सांगणे अत्यावश्यक आहे. त्या जबड्याची जखम भरून येण्याची शक्ती कायमची उणावलेली असते.

सावधगिरीची किंमत कोणी मोजली

आजची ही इवलीशी मात्रा आपोआप आलेली नाही. विल्हेल्म राँटगेन यांना जर्मनीत ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण गवसले, आणि अवघ्या दोन-तीन महिन्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, ऑटो वॉकहॉफ या जर्मन दंतवैद्यांनी स्वतःच्या दातांचे चित्र काढले. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे किरणांसमोर बसावे लागले. आज तेच काम सेकंदाच्या एका अंशात होते. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स येथील एडमंड केल्स या दंतवैद्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या हातावर किरण पाडून यंत्र जुळवले. त्यांची बोटे, मग हात, मग संपूर्ण बाहू एकामागून एक शस्त्रक्रियांत गेला, आणि १९२८ साली असह्य वेदनांत त्यांचे आयुष्य संपले. बोस्टनचे विल्यम रॉलिन्स हेही दंतवैद्यच. स्वतःचा हात भाजल्यावर त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून १९०१ मध्ये या किरणांच्या धोक्याचा इशारा दिला, नळीभोवती शिशाचे आवरण हवे, झोत अरुंद हवा असे सांगितले. त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. आज जगभर जो नियम चालतो, की निदानाला पुरेल इतकेच आणि शक्य तितके कमी प्रारण वापरावे, त्याची बीजे अशा माणसांच्या अनुभवात आहेत.

या नियमाचा व्यवहारातला अर्थ आपल्याला दवाखान्यात पाहता येतो. जुन्या संथ फिल्मपेक्षा वेगवान फिल्म किंवा सेन्सर असेल तर मात्रा कमी लागते. यंत्राच्या नळीचे तोंड गोल असण्याऐवजी आयताकृती असेल तर झोत फिल्मएवढाच पडतो आणि मात्रा निम्म्याच्या आसपास उतरते. दुर्दैवाने आपल्याकडे अशी नळी फार थोड्या ठिकाणी दिसते. एक्स-रे घेणारी व्यक्ती आपल्यापासून दूर किंवा आडोशाला उभी राहते, ते आपल्याला वाऱ्यावर सोडून नव्हे. आपले चित्र महिन्यात एक-दोनदा निघते, त्या व्यक्तीला दिवसभर तेच काम असते. भारतात प्रत्येक वैद्यकीय एक्स-रे यंत्र, दाताचेसुद्धा, मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली येते. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाची परवानगी घेऊनच यंत्र चालवता येते. "आपले यंत्र नोंदलेले आहे ना?" असे विचारण्यात दंतवैद्यांचा कोणताही अपमान नाही. चांगला दवाखाना कागद दाखवतो.

शिशाच्या अ‍ॅप्रनबद्दल मात्र अलीकडे चित्र पालटले आहे, आणि परदेशी मुलाबाळांकडे राहून आलेल्या ज्येष्ठांना ते जाणवलेही असेल. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितले की दातांच्या एक्स-रेसाठी रुग्णाला शिशाचा अ‍ॅप्रन किंवा गळपट्टा घालण्याची आता गरज नाही. कारण साधे आहे. आजच्या यंत्रांचा झोत इतका आवरलेला असतो की पोटाकडे जवळजवळ काहीच पोहोचत नाही. उलट ओपीजीच्या वेळी गळपट्टा झोताच्या आड येऊन चित्र बिघडते आणि ते पुन्हा काढावे लागते. आपल्याकडील अनेक दवाखान्यांत अजून अ‍ॅप्रन देतात. तो आडवा येत नसेल तर घालायला हरकत नाही. पण तो दिला नाही म्हणून हलगर्जीपणा झाला असे समजून वाद घालू नये. चित्र बिघडल्यामुळे पुन्हा काढावे लागलेले, आणि कारणाशिवाय काढलेले, असे दोन एक्स-रे खरे टाळण्याजोगे आहेत.

कारणाशिवाय म्हणजे कसे? दवाखान्यात पाऊल टाकताच, तोंड उघडून पाहण्यापूर्वीच ओपीजी काढावयास सांगणे मला योग्य वाटत नाही. आधी तपासणी, मग शंका, मग त्या शंकेपुरता एक्स-रे, हा क्रम असावा. याउलट रूट कॅनाल करताना उपचाराआधी, मुळाची लांबी मोजताना आणि शेवटी असे तीन-चार छोटे एक्स-रे लागतात. तेथे "पुन्हा पुन्हा का काढता?" म्हणून संशय घेऊ नये; उतारवयात नसेची वाट अरुंद झालेली असते आणि ती आंधळेपणाने कोरणे हेच धोक्याचे. सगळे दात गेलेल्या व्यक्तीची नवी कवळी करण्यापूर्वी ओपीजी काढणेही पुष्कळदा शहाणपणाचे ठरते, कारण हिरडीखाली एखादे जुने मूळ राहून गेलेले असते आणि कवळीच्या दाबाने तेच पुढे छळते.

म्हाताऱ्या मानेचा आणि थरथरत्या हातांचा विचार

चित्र बिघडू नये यासाठी घरच्यांनी काही गोष्टी आधीच कराव्यात. चष्मा, श्रवणयंत्र, काढता-घालता येणारी कवळी, कानांतल्या कुड्या, चमकी आणि गळ्यातली साखळी काढून ठेवावी. मंगळसूत्र उतरवायला आजी तयार नसतील तर छोट्या एक्स-रेला ते आड येत नाही. ओपीजीला मात्र येऊ शकते, तेव्हा तेवढ्या पंधरा-वीस सेकंदांपुरते ते त्यांच्याच मुठीत द्यावे. पेसमेकर असलेल्यांनी निश्चिंत असावे, दाताच्या एक्स-रेने तो बिघडत नाही.

पाठीला बाक आलेल्या व्यक्तीला ओपीजीच्या यंत्रात मान सरळ ठेवणे अवघड जाते. मग मणक्याची सावली पुढच्या दातांवर पडते आणि तेवढा भाग धूसर येतो. हे यंत्रचालकाच्या लक्षात आणून द्यावे. पुष्कळ यंत्रे बसूनही वापरता येतात, आणि नाहीच जमले तर हव्या त्या दातांचे छोटे एक्स-रे काढून काम भागते. फिल्म तोंडात ठेवताना उमाळा येत असेल तर नाकाने संथ श्वास घ्यायला सांगावे. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवण्याची युक्ती दंतवैद्यांमध्ये जुनी आहे. कंपवाताच्या रुग्णांना औषधाचा परिणाम ज्या वेळी उत्तम असतो ती वेळ मागून घ्यावी. स्मृतिभ्रंश असलेल्यांना सकाळच्या शांत वेळी, ओळखीच्या माणसाबरोबर न्यावे आणि पुढे काय होणार ते एका-एका लहान वाक्यात सांगावे.

कधी कधी रुग्णाचे डोके धरावेच लागते. तेव्हा ते कोणी धरायचे? दवाखान्यातील कर्मचाऱ्याने नव्हे. रोज कोणाचे ना कोणाचे डोके धरीत राहिले तर मात्रा साठत जाते. घरातल्या प्रौढ व्यक्तीने एकदा धरले तर फारसे बिघडत नाही, पण तिला अ‍ॅप्रन हवा आणि तिचा हात झोताच्या वाटेत नको. गरोदर सुनेने किंवा मुलीने हे काम करू नये. फिल्म बोटाने दाबून धरण्याऐवजी तिच्यासाठी वेगळी पकड मिळते, तीच वापरायला सांगावी. घरी सांभाळायला ठेवलेल्या मावशींनाच दरवेळी पुढे करू नका. त्यांच्यासाठीही हाच हिशोब आहे.

दंतवैद्यांना सांगायच्या गोष्टींत औषधांची यादी सर्वांत आधी येते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला घ्यायची गोळी, वर्षाला शिरेतून दिले जाणारे किंवा सहा महिन्यांनी टोचले जाणारे इंजेक्शन चालू असेल, तर दात काढल्यावर जबड्याचे हाड नीट न भरण्याचा धोका असतो. अशा रुग्णाचा दात काढण्याऐवजी वाचवता येईल का हे एक्स-रेवरूनच ठरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही सांगा. मात्र यातले काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि जुने एक्स-रे सोबत न्या. दोन वर्षांपूर्वीची सावली आज तेवढीच आहे की वाढली, हे पाहण्यासाठी जुने चित्र नव्याइतकेच उपयोगी पडते, आणि कधी कधी त्याच्यामुळे नवे काढावेच लागत नाही. आरव्हीजी काढल्यावर ती फाइल ईमेलने मागून घ्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्र बारीक तपशील गमावते, डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर टिकते. फिल्मवर नाव, तारीख आणि दाताची बाजू लिहून पाकिटात ठेवा. पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात, तेव्हा दोहोंमध्ये कोरा कागद घाला आणि ती पाकिटे रक्तदाब-साखरेच्या फाइलीतच ठेवा. दवाखान्याला निघताना तीच फाइल हाती लागते.